प्रेमसिंगच्या बंडीतली सायकल

“बरोब्बर चार वाजता महागावात! चार म्हणजे चार! शाळेची घंटा माझ्यावरून लावून घे, अनंता!”

चारुदत्त पांढरीपांडे यांनी फोनवर मेहुण्याला ठणकावलं आणि विजयी मुद्रेनं रिसिव्हर ठेवला. मेहुणा अनंत हा महागावच्या शाळेत मुख्याध्यापक. ‘सायकलवरून इतिहास’ या विषयावर चारुदत्तराव यवतमाळहून थेट सायकल मारत येणार, वाटेतली जुनी देवळं नि बारवा पाहत येणार आणि घामानं निथळत असतानाच मुलांपुढे व्याख्यान ठोकणार, असा बेत ठरला होता. हार, नारळ, शाल सगळं तयार होतं.

“अहो, ऐंशीच्या वर किलोमीटर आहेत,” कुंदावहिनी म्हणाल्या.

“कुंदा, माणूस चंद्रावर गेला!”

“तो सायकलनं नव्हता गेला.”

चारुदत्तराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. वय बावन्न. अठ्ठावीस वर्षं टेबलाशी काढल्यानंतर त्यांना एकाएकी इतिहासानं आणि सायकलनं एकाच महिन्यात पछाडलं. त्यांनी नागपूरहून एक सायकल आणली. तिचं हँडल एडक्याच्या शिंगांसारखं वळलेलं, टायर करंगळीएवढे. तिच्याबरोबर अर्ध्या कलिंगडासारखं दिसणारं एक शिरस्त्राण आणि अंगाला घट्ट चिकटणारे काळे कपडे. ते पहिल्यांदा घालून बाहेर पडले तेव्हा पानठेल्यावर कुणीतरी विचारलं होतं, “काका, वरचे कपडे घालाचे राह्यले का?”

पण चारुदत्तराव डगमगणारे नव्हते. सोबतीला त्यांनी जफरभाईंना घेतलं. जफरभाईंचं आर्णी रोडवर सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांची स्वतःची सायकल काळी, दणकट, मागं कॅरियर. शाळेतल्या मुलांनी दोन्ही सायकली शेजारी पाहिल्या असत्या तर एकीला बकरी आणि दुसरीला म्हैस म्हटलं असतं. जफरभाईंना इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. आर्णीत त्यांची मोठी बहीण, शमसुन्निसा आपा, राहायची आणि तिच्या घरी त्या दिवशी डाळ-मटणाचा दालचा होता.

जानेवारीतली थंडी होती. कापसाच्या हलाखीची ती वर्षं. भाव पडलेला, बियाण्यांनी दगा दिलेला, दिल्ली-मुंबईच्या समित्यांच्या गाड्या धुरळा उडवत गावोगाव फिरत होत्या. पण पहाटे साडेपाचला यवतमाळ सोडताना चारुदत्तरावांना डोळ्यांपुढे फक्त यादवकाळ दिसत होता. सडक एकदा वर चढायची, एकदा खाली घसरायची. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं आणि वाळत आलेली कापसाची पऱ्हाटी. उतारावर चारुदत्तराव “जय भवानी!” म्हणून ओरडायचे आणि चढावर काहीच म्हणायचे नाहीत.

आठ वाजता ते सडक सोडून दीड किलोमीटर आतल्या एका पडक्या हेमाडपंती देवळापाशी पोचले. चार खांब उभे, बाकी सगळं बाभळीच्या रानात.

“पाहा जफरभाई! चुना नाही, सिमेंट नाही! नुसता दगडावर दगड!”

“हां साहेब,” जफरभाई मान डोलवत म्हणाले, “म्हणूनच पडलं वाटते.”

चारुदत्तरावांनी अर्धा तास त्यांना शिल्पकलेवर सुनावलं. तेवढ्या वेळात बाभळीनं आपलं काम केलं होतं. परतताना पहिलं पंक्चर झालं. शंभर पावलांवर दुसरं. सडकेला लागून एका पुलाजवळ आले तेव्हा तिसरं, आणि तेही असं की ट्यूब वीतभर फाटली!

जफरभाईंनी टायर दोन बोटांत धरून वर उचलला. “हे टायर हाय का शेवई? खुदा कसम, साहेब, याले पंक्चर लावाचं नाही, याले तुपात परतून साखर टाकाची!”

“मग आता?”

“आता तुम्ही इथं बसा. मी आर्णीत जाऊन ट्यूब पाहतो. अन् आपाच्या इथं दोन घास—”

“दोन तासांत या! चारला महागाव आहे!”

जफरभाई गेले. चारुदत्तराव पुलाच्या कठड्यावर बसले आणि तिथेच त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण आला. गवतात एक तुटका दगड पडला होता. नारळाहून थोडा मोठा. त्यांनी पायानं उलटवला, तर त्यावर खोदलेली अक्षरं! अर्धी झिजलेली, पण वाचता येत होती: ‘र्णी’. आणि खाली: ‘१२’.

चारुदत्तरावांच्या अंगावर काटा आला. देऊळ इथून दोन किलोमीटरसुद्धा नाही! बारा म्हणजे उघडच शके बाराशे काहीतरी, पुढचे आकडे फुटून गेलेले. आणि ‘र्णी’ म्हणजे कुणाचं तरी नाव. सुवर्णी! अपर्णी! कुणीतरी अज्ञात राणी, जिनं हे देऊळ बांधलं आणि जिला सातशे वर्षांत कुणी विचारलं नव्हतं! त्यांनी दगड हळुवारपणे पाठीवरच्या पिशवीत ठेवला. संध्याकाळच्या व्याख्यानाचा शेवट आता सोन्याचा होणार होता. आधी सगळं सांगायचं, मग पिशवीत हात घालायचा आणि मग... टाळ्या!

इतक्यात घुंगरांचा आवाज आला. कापसानं काठोकाठ भरलेली एक बैलबंडी आर्णीच्या दिशेनं चालली होती. बाजूंना तट्टे, त्यांच्या वरपर्यंत कापूस दाबून भरलेला. कासरा धरून पुढं प्रेमसिंग, जवळच्या बंजारा तांड्यातला, पन्नाशीचा, डोक्याला लाल पागोटं. त्याच्या मागं कापसाच्या कडेला त्याची बायको लालीबाई, हातभर बांगड्या घातलेली.

“जय सेवालाल!” चारुदत्तरावांनी हात वर केला. “आर्णीला जाता का?”

प्रेमसिंगनं त्यांना पायापासून शिरस्त्राणापर्यंत पाहिलं. “सर्कशीत हाय का तुमी?”

“छे! हेडक्लार्क!”

“मंग बसा.”

आर्णीच्या अलीकडे कापूस खरेदीचं केंद्र होतं, तिथं प्रेमसिंगला जायचं होतं. आठ दिवसांपूर्वी टोकन घेतलं होतं आणि आज नंबर लागायचा होता. सायकल कापसावर आडवी टाकली, पिशवी तिच्याशेजारी ठेवली आणि चारुदत्तराव वर चढून बसले. बसले कसले, बुडाले! असा ऊबदार, असा मऊ कापूस! हत्तीवरच्या अंबारीत बसलेल्या राजाला काय वाटत असेल ते त्यांना त्या क्षणी समजलं. त्यांनी प्रेमसिंगला राणी सुवर्णीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. राणीचं लग्न लागायच्या आतच त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती कलकलाटानं. पुढं बंड्याच बंड्या! चाळीस तरी असतील. बैल रवंथ करत होते, माणसं चाकांच्या सावलीत भाकरी खात होती. पार टोकाला केंद्राचं फाटक दिसत होतं. घड्याळात एक वाजला होता.

“किती वेळ लागेल?”

“लागन संध्याकाळ,” प्रेमसिंग म्हणाला. “नंबर हुकला तं मंग अजून आठ दिवस.”

चारुदत्तरावांनी शिरस्त्राण सरळ केलं. सरकारी कामाचा खोळंबा त्यांच्या डोळ्यांसमोर! “तुम्ही इथंच थांबा. मी बोलतो. सरकारी माणसाशी कसं बोलायचं ते सरकारी माणसालाच कळतं!”

ते फाटकाकडे चालू लागले आणि मागं भलतंच सुरू झालं. शेजारच्या बंडीवरचा म्हातारा धावजी लालीबाईला म्हणाला, “ए बाई, हे लोखंड काहून वर ठेवलं? काल एकाच्या कापसात विळा सापडला तं पुरी बंडी वापस केली!”

लालीबाईनं फाटकाकडे पाहिलं. चारुदत्तराव तर नजरेआड गेलेले, प्रेमसिंग बैलांसाठी पाणी आणायला. सायकल खाली ठेवावी तर रेटारेटीत कोण घेऊन जाईल सांगता येईना. पाहुण्याची वस्तू! तिनं कापूस दोन हातांनी बाजूला केला, सायकल आत दाबली, तिच्यावर पिशवी दाबली, वरून कापूस सारखा केला. फाटकाजवळ पोचल्यावर काढून देऊ, असा तिचा विचार.

पण फाटकाजवळ चारुदत्तराव होते! दोन तास त्यांनी चौकीदाराला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा हवाला दिला, नियम सांगितले, टोकन पद्धतीचे दोष समजावले आणि शेवटी यादवकाळातल्या बाजारव्यवस्थेवर आले. चौकीदार आधी हसला, मग वैतागला, मग दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडला, “बाप्पा! कोणता नंबर हाय याचा? सोडा रे त्याले पयले, अन् या माणसाले न्या इथून!”

“पाहिलंत?” चारुदत्तराव धावत परत आले. “बोलायची पद्धत असते! चला!”

लालीबाई काही सांगायला तोंड उघडते तोवर बाकीच्यांनी आरडाओरड करत बंडीला वाट दिली, बैल पळाले आणि बंडी फाटकातून जी आत गेली ती थेट वजनकाट्यावर!

कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर साहेब तिथंच उभे होते. जाड भिंगाचा चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, चेहरा असा की सकाळपासून प्रत्येक बोंडानं त्यांच्याशी वैयक्तिक भांडण काढलं असावं. कापूस ओला आहे का, त्यात पाल्याची पत्ती किती, हे पाहायला त्यांनी कोपरापर्यंत हात कापसात घातला आणि किंचाळले!

हात बाहेर आला तो काळाकुट्ट. मनगटापर्यंत वंगण!

“कोणता बियाना लावला होता रे?” त्यांनी प्रेमसिंगकडे पाहिलं. मग पुन्हा हात घातला, ओढलं आणि एडक्याची शिंगं वर आली.

“साहेब, ते... पाव्हण्याची हाय,” प्रेमसिंग पुटपुटला.

“कापसात सायकल? वजन वाढवता? अजून काय काय लपवलं हाय?” साहेबांनी तिसऱ्यांदा हात घातला. पिशवी निघाली. पिशवी तिरकी केली आणि राणी सुवर्णी धाडकन काट्यावर पडली.

“दगड! कापसात दगड!”

आरोळी रांगेत पसरली. तिसऱ्या बंडीपर्यंत सायकलची मोटारसायकल झाली, दहाव्या बंडीपर्यंत दगडाचा ट्रक झाला आणि शेवटच्या बंडीवाल्यानं विचारलं म्हणतात, “माणूस जित्ता निंघाला का?”

“हा दगड नाही!” चारुदत्तराव पुढं सरसावले. “हा शिलालेख आहे! शके बाराशे! कृपया हात लावू नका, वंगण लागेल!”

“तुमी कोण?”

“सायकलचा मालक आणि या शिलालेखाचा संशोधक!”

ग्रेडर साहेबांनी एकदा त्या काळ्या घट्ट कपड्यांकडे पाहिलं, एकदा दगडाकडे, आणि टोकनावर लाल पेन टेकवलं. “बंडी वापस.”

दोनच शब्द. पण प्रेमसिंग तिथंच खाली बसला. त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडेच पाहत राहिला. लालीबाई मात्र बसली नाही. ती बंडीवरून उतरली आणि साहेबांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

“साहेब, हा कापूस म्या येचला हाय. दसऱ्यापासून. एकेक बोंड. पत्ती दिसन तं सांगा, म्या इथंच खाईन. सायकल मीच दाबली, धन्याले मालूम नव्हतं. वापस कराचं तं मले वापस करा, कापूस घ्या.”

चारुदत्तरावांना एकाएकी शिरस्त्राण फार घट्ट वाटू लागलं. त्यांनी ते काढलं.

तेवढ्यात गर्दीतून धावजी काठी टेकत आला. त्यानं दगडाला काठीनं उलटवलं, वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे! हा तं आमच्या पुलाजवळचा! याच्यावर बसून म्या वीस वर्सं यष्टीची वाट पाह्यली! मागल्या साली टरकनं उडवला तं फुटून एवढाच राह्यला, वरचा कोपरा तं गेलाच.”

“कशाचा कोपरा?” चारुदत्तरावांचा आवाज बारीक झाला.

“‘आ’चा,” धावजी म्हणाला. “आर्णी. बारा किलोमीटर.”

पहिल्यांदा चौकीदार हसत सुटला. मग हमाल. मग चाळीस बंड्यांची माणसं! ग्रेडर साहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला, दगडाकडे पाहिलं आणि पुन्हा काढला. राणी सुवर्णी, शके बाराशे, आर्णीपासून बारा किलोमीटर!

चारुदत्तरावांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण प्रेमसिंग अजून तसाच बसलेला त्यांना दिसत होता आणि लाल पेन अजून टोकनावर होतं.

“साहेब,” ते पुढं झाले, “दगड मी उचलला. पिशवी माझी, सायकल माझी. या दोघांना दगडाची कल्पनासुद्धा नव्हती. चूक माझी आहे.”

“तोंडी नाही चालत. लेखी द्या.”

लेखी! चारुदत्तरावांचा कणा आपोआप ताठ झाला. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना त्यांचं काम सांगितलं होतं. त्यांनी कागद मागितला, समास सोडला आणि वजनकाट्याच्या कठड्यावर कागद ठेवून एका दमात लिहिलं:

‘मी, खाली सही करणार, लेखी देतो की, सदर सायकल व सदर दगड या दोन्ही वस्तू कापूसधारक श्री. प्रेमसिंग यांच्या नसून माझ्या ताब्यातील आहेत. सदर दगड ऐतिहासिक असल्याची माझी समजूत निराधार असल्याचे निदर्शनास आले आहे. सदर राणीचा या प्रकरणाशी, किंबहुना इतिहासाशीही, संबंध दिसून येत नाही. तरी कापूस स्वीकारण्यास हरकत नसावी.’

ग्रेडर साहेबांनी ते दोनदा वाचलं. “अक्षर चांगलं हाय,” ते म्हणाले. पेन खिशात गेलं. “दगड इथंच राहू द्या, सडकवाल्यांच्या हवाली करतो. पण वंगणाचा कापूस मले चालत नाही. डाग लागला तेवढा येचून काढा. अर्धा तास देतो.”

मग पाटबंधाऱ्यापासून पुरातत्त्वापर्यंत सगळ्याचं ज्ञान असलेले चारुदत्तराव कापसात मांडी घालून बसले आणि डागाळलेले पुंजके वेचू लागले. एक पुंजका काढायला त्यांना एक मिनिट लागत होतं आणि काढताना हाताच्या वंगणानं ते तीन नवे डाग पाडत होते.

“बाप्पा! तुमी हात नका लावू!” लालीबाई ओरडली. रांगेतल्या चार-पाच बायका हसत हसत बंडीवर चढल्या आणि पाखरं दाणे टिपतात तशी त्यांची बोटं चालली. चारुदत्तरावांकडे फक्त डागाळलेला कापूस धरून उभं राहायचं काम आलं. तो त्यांच्या केसांत, मिशांत, कानांत, घट्ट कपड्यांवर सगळीकडे चिकटला. वीस मिनिटांत बंडी स्वच्छ झाली आणि चारुदत्तराव पिंजलेल्या गादीसारखे दिसू लागले.

पुन्हा वजन झालं. ग्रेडर साहेबांनी कापूस चिमटीत ओढून पाहिला, दोनदा पाहिला आणि वरची ग्रेड लिहिली. प्रेमसिंगनं पागोटं डोक्याला गुंडाळलं. मग त्यानं चारुदत्तरावांच्या मिशीवरचा एक कापसाचा धागा बोटानं काढून दिला.

तेवढ्यात दालच्यानं तृप्त झालेले जफरभाई, रस्त्यात कापसातल्या सायकलची बातमी ऐकून, फाटकातून आत आले. “साहेब! साऱ्या आर्णीत फिरलो. अशी ट्यूब दुकानदाराले मागितली तं तो म्हणे, सलाइनची नळी दवाखान्यात भेटते.” मग त्यांनी नीट पाहिलं. “अन् हे काय? तुमाले पिंजाऱ्यानं धरलं होतं का?”

“काही नाही. थोडं प्रशासकीय काम होतं,” चारुदत्तराव म्हणाले.

बाहेरच्या एसटीडी बूथवरून त्यांनी महागावला फोन लावला. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“भाऊजी, काळजी नका करू!” अनंतचा आवाज मोठा आनंदात होता. “मुलं कंटाळली म्हणून व्याख्यान मीच दिलं. फार रंगलं! हार कोमेजला असता म्हणून तोही मलाच घातला. शाल तेवढी ठेवली आहे. म्हणजे, मी पांघरली आहे. इथं थंडी फार आहे हो!”

चारुदत्तरावांनी फोन ठेवला. अंधार पडायच्या आत महागाव शक्य नव्हतं आणि फाटक्या ट्यूबवर यवतमाळही नव्हतं. प्रेमसिंगची रिकामी बंडी मात्र त्याच रस्त्यानं परत जाणार होती. त्याच्या तांड्यापासून पुढं यवतमाळची एसटी मिळाली असती.

“चला!” त्यांनी सायकल बंडीत टाकली. “जे झालं ते उत्तम झालं. पुढच्या वेळी जाड टायर घेतो आणि महागाव सोडा, पुसदपर्यंत जातो! बरोब्बर दहा तासांत!”

त्यांनी चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवला. लालीबाईनं हात आडवा केला.

“थांबा, साहेब. पयले थैली दाखवा.”

“अहो बाई, बंडी रिकामी आहे! आता काय बिघडणार?”

“बैल माये हायत ना!”

जफरभाई तोंड फिरवून हसले. चारुदत्तरावांनी मुकाट्यानं पिशवी उघडली. एक कंगवा, एक टिपणवही आणि तळाशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी वाटोळं. लालीबाईनं ते बाहेर काढलं, हातात तोललं, बंडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर आपटून पाहिलं. खणकन आवाज आला.

“आता हा कोनत्या राणीचा?”

“डिंकाचा लाडू आहे,” चारुदत्तराव इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाले. “आमच्या कुंदानं केलाय. आणि हे बघा, आजचं बाकी सगळं गावभर सांगा, माझी हरकत नाही. पण तुम्ही तो आपटून पाहिलात, हे घरी कळता कामा नये!”